हिरवे बटण आणि आपली मुले



'मिलिंग' हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या घरात तो हंगामाशी बांधलेला आहे. मिलिंग म्हणजे गव्हाणीत मोळी पडणे, रस निघणे, चिपाड बॉयलरकडे जाणे. मिलिंग बंद पडले की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि ऊस उन्हात वाळतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पण छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत हाच शब्द दुसऱ्या अर्थाने चालतो. तिथे मिलिंग म्हणजे फिरत्या हत्याराने लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम कापून हवा तो आकार काढणे. लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगवर हत्यार फिरते आणि जॉब टेबलावर पक्का बांधलेला असतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपातही शाफ्टवर की-वेची खाच पाडायची झाली की मिलिंग यंत्राचीच आठवण येते. आता ही यंत्रे हाताने चाकं फिरवून चालवण्याचे दिवस मागे पडत चालले आहेत. हत्यार किती सरकावे, किती खोल जावे, किती वेगाने फिरावे, हे सारे संगणक सांगतो. अशा यंत्राला सीएनसी मिलिंग म्हणतात आणि वाळूजची पोरे त्याला 'व्हीएमसी' म्हणून ओळखतात.

आज या यंत्राबद्दल लिहायचे कारण यंत्र नव्हे, आपली मुले आहेत.

आपल्या भागात जमिनीचा हिशेब सर्वांना माहीत आहे. आजोबाच्या नावावर सोळा एकर, बापाच्या वाट्याला आठ, दोन भावांत चार-चार, आणि नातवंडे मोठी झाली की दोन. सातबाऱ्यावर नावे वाढतात, जमीन वाढत नाही. त्यातून पाण्याची ही तऱ्हा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. नाथसागर भरला तर ऊस, नाही भरला तर आभाळाकडे पाहायचे. अशा वेळी घरातला एक तरी हात शेतीबाहेरच्या कमाईला लागावा असे प्रत्येक बापाला वाटते, आणि त्यात गैर काही नाही. मग तो अर्ज घेऊन येतो : "पोराला कारखान्यात चिकटवा."

बंधूंनो, स्पष्ट बोलतो, राग मानू नये. कारखान्यात जागा ठराविक आहेत. त्यातल्याही कित्येक हंगामी. प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक मुलाला कारखाना पोसू लागला, तर उसाच्या दरातूनच तो पैसा जाईल. म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे, आणि मधे चार पैसे सांडायचे. तेव्हा दुसरा रस्ता शोधला पाहिजे.

तो रस्ता आपल्या दारातच आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग तयार करणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले. पुढे शेंद्रा आणि बिडकीन झाले. या कारखान्यांत सीएनसी यंत्रे आहेत आणि ती चालवायला माणसे लागतात. आपल्या गंगापूर, पैठण, वैजापूर, फुलंब्री भागांतली पोरे मोटारसायकलवर नाहीतर कंपनीच्या बसने तिकडे जातातच. मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी की बहुतेक पोरे यंत्रापर्यंत पोचतात, पण यंत्राच्या डोक्यापर्यंत पोचत नाहीत. सीएनसी यंत्राच्या पाटीवर एक हिरवे बटण असते, त्याला 'सायकल स्टार्ट' म्हणतात. कंत्राटी पोराला सांगितले जाते : जॉब लाव, पकड आवळ, दार लाव, हिरवे बटण दाब. जॉब झाला की काढ, पुसून ठेव, दुसरा लाव. आठ तास हेच. पाच वर्षे झाली तरी हेच. प्रोग्राम कोणी लिहिला, शून्य कुठे घेतले, हत्यार का बदलले, हे त्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. कंत्राट संपले की तो घरी येतो. अनुभवाचा दाखला पाच वर्षांचा असतो, आणि ज्ञान मात्र पाच मिनिटांत शिकवण्यासारखे. त्याच यंत्राशेजारी उभा असलेला 'सेटर' आणि आत बसून प्रोग्राम करणारा यांना मात्र दुसरा कारखाना बोलावून नेतो. दोघांच्या हाताखाली यंत्र एकच. फरक आहे तो नियंत्रण शिकण्याचा.

आमचे म्हणणे इतकेच आहे : आपली मुले बटण दाबायला नव्हे, यंत्राला आज्ञा द्यायला शिकली पाहिजेत. आणि ते शिकणे वाटते तितके अवघड नाही.

हे यंत्र आकाशातून पडलेले नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या गृहस्थांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वळण अचूक हवे होते. त्यातून आकडे देऊन यंत्र चालवण्याची कल्पना निघाली, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे एमआयटीत, अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. आज्ञा होत्या कागदी पट्टीवर पाडलेल्या भोकांत. भोकांची भाषा आपल्या शहरालाही परकी नव्हे. जॅकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या पट्टीतली भोकेच ठरवतात की कोणता धागा वर उचलायचा. नक्षी विणकराच्या हातात नसते, पट्टीत असते. पण पट्टी कशी पाडायची हे ज्याला कळते तोच खरा कारागीर. सीएनसीचे मर्म हेच आहे.

आज भोकांच्या जागी अक्षरे आणि आकडे आले. त्याला 'जी-कोड' म्हणतात. 'जी-००' म्हणजे मोकळ्या जागेतून झटकन जा. 'जी-०१' म्हणजे सरळ रेषेत, सांगितलेल्या चालीने कापत जा. 'जी-०२' घड्याळाच्या दिशेने वळण घे, 'जी-०३' उलट्या दिशेने. 'एम-०३' म्हटले की हत्यार फिरू लागते, 'एम-०५' म्हटले की थांबते, 'एम-०८' म्हणजे कुलंटचे पाणी सोड, 'एम-३०' म्हणजे काम संपले. एक्स म्हणजे डावे-उजवे, वाय म्हणजे पुढे-मागे, झेड म्हणजे वर-खाली. रोजच्या कामाला लागणाऱ्या आज्ञा वीस-पंचवीसच्या पुढे फारशा जात नाहीत. ज्या पोराला क्रिकेटच्या दहा वर्षांच्या धावा तोंडपाठ असतात, त्याला हे पाठ होणार नाही असे आम्ही मानत नाही.

खरे शिकायचे ते पाठांतराच्या पलीकडे आहे, आणि ते शेतकऱ्याच्या पोराला इतरांपेक्षा लवकर समजेल असे आम्हास वाटते. एक उदाहरण घ्या. शेताची मोजणी हद्दीच्या दगडापासून होते. नकाशा अगदी बरोबर असला आणि कोणी रात्रीतून दगड चार हात सरकवला, तर मोजणी पूर्ण चुकते. नकाशाला दोष देऊन उपयोग नाही. सीएनसीवर या दगडाला 'वर्क ऑफसेट' म्हणतात आणि तो 'जी-५४' या नावाने साठवतात. प्रोग्राम म्हणजे नकाशा, आणि हे शून्य म्हणजे हद्दीचा दगड. जॉबचा कोपरा कुठे आहे हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते माणसाने शोधून सांगायचे असते. दगड चुकला की प्रोग्राम बरोबर असूनही जॉब भंगारात जातो.

दुसरे उदाहरण. बांधावर खुंट्या ठोकायच्या आहेत. प्रत्येक खुंटी हद्दीच्या दगडापासून मोजून ठोकली तर एखादी चुकली तरी बाकीच्या जागेवर राहतात. पण मागच्या खुंटीपासून पुढची मोजत गेलो, तर एक चुकली की पुढच्या साऱ्या चुकल्या. पहिली पद्धत 'जी-९०', दुसरी 'जी-९१'. ज्याने बापासोबत सरीचे अंतर धरले आहे, त्याला यात नवीन काय?

तिसरी गोष्ट हत्याराच्या लांबीची. एकाच यंत्रात दहा-वीस हत्यारे असतात, कोणी लांब, कोणी आखूड. प्रत्येकाची लांबी मोजून यंत्राला सांगावी लागते. सात नंबरच्या हत्याराला चुकून आठ नंबरची लांबी लागली, आणि हत्यार लांब निघाले, की ते झटक्याच्या चालीने थेट जॉबमध्ये घुसते. मग हत्यार तुटते, कधी स्पिंडलच दुखावतो, आणि पोराची नोकरीही जाते. यंत्र आंधळे असते. सांगितले ते करते, सांगायचे होते ते करत नाही.

चौथी गोष्ट टिंबाची. काट्यावर टिंब सरकले तर काय होते हे ऊस उत्पादकाला सांगायला नको. काही नियंत्रकांवर 'एक्स १०' असे टिंबाविना लिहिले तर यंत्र दहा मिलिमीटर न समजता मिलिमीटरचा शंभरावा भाग समजते. कोणत्या कंपनीचा नियंत्रक, फानुकचा, सीमेन्सचा की आणखी कोणाचा, आणि तो टिंबाचा अर्थ कसा लावतो, हे आधी पाहून घ्यावे लागते.

आणि हिशेब? तोही शाळेतलाच. साधे पोलाद, त्यावर दहा मिलिमीटर व्यासाचे, चार धारांचे हायस्पीड स्टीलचे हत्यार. कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरा. २५ ला १००० ने गुणायचे, आणि ३.१४ गुणिले १० ने भागायचे. उत्तर मिनिटाला सुमारे ८०० फेरे. प्रत्येक धारेने एका फेऱ्यात ०.०५ मिलिमीटर कापावे असे धरले, तर ८०० गुणिले ४ गुणिले ०.०५ म्हणजे मिनिटाला १६० मिलिमीटर चाल. दहावीचे गणित एवढ्याला पुरते. 'आमच्या पोराचे गणित कच्चे' म्हणून जे बाप हात झटकतात, त्यांनी हे दोन गुणाकार पोराकडून करवून पाहावेत.

आता काही सभासद म्हणतील की, हल्ली संगणकावर चित्र काढले की प्रोग्राम आपोआप तयार होतो, आणि आता तर कृत्रिम बुद्धीही आली. मग हे हाताने लिहिणे कशाला? शंका रास्त आहे. चित्रावरून प्रोग्राम करणारी सॉफ्टवेअरे आहेत आणि गुंतागुंतीच्या साच्यांना ती लागतातच. पण तयार झालेला प्रोग्राम शेवटी त्याच जी-कोडात यंत्राकडे जातो. हद्दीचा दगड कुठे, पकड कुठे, हत्यार किती झिजले, हे त्या सॉफ्टवेअरला यंत्राजवळच्या माणसाने सांगावे लागते. हजार ओळींत एक ओळ घातकी असली तर ती वाचता येणारा डोळा लागतो. ट्रॅक्टर आला म्हणून वाफसा ओळखण्याची गरज संपली का? तसेच हे आहे.

मग शिकायचे कुठे? चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. भारत सरकारची ही संस्था जर्मनीच्या सहकार्याने उभी राहिली. टूल अँड डाय मेकिंगचा पदविका अभ्यासक्रम आणि सीएनसी मिलिंगचे लहान अभ्यासक्रम तेथे चालतात. सरकारी आयटीआयमध्ये मशिनिस्ट, टर्नर हे ट्रेड आहेत. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी आहे. आपल्यातले किती जण मुलाला घेऊन या संस्थांच्या दारात गेले? पुढाऱ्याच्या दारात गेलेले मात्र पुष्कळ दिसतात.

यासोबत एक इशारा. पंधरा दिवसांत सीएनसी शिकवून प्रमाणपत्र देणारे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. सगळेच वाईट असे आम्ही म्हणत नाही, पण पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. पहिला : माझ्या मुलाला स्वतःला यंत्रावर किती तास मिळतील? दहाजण भोवती उभे आणि एक चालवणारा, हे शिकणे नव्हे, बघणे झाले. दुसरा : ड्रॉइंग वाचणे, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर धरणे, साधे मिलिंग हाताने करणे, हे आधी शिकवता का? ज्याने हाताने चाक फिरवून लोखंड कापताना त्याचा आवाज ऐकला नाही, त्याला पडद्यावरचा आकडा कधीच बोलणार नाही. तिसरा : प्रोग्राम मुलगा स्वतः कागदावर लिहितो, की तयार प्रोग्राम उतरवून घेतो? तिन्हींची उत्तरे धड मिळाली नाहीत तर पैसे खिशात ठेवून परत या.

आता आपल्या कारखान्याने काय करावे हे सांगतो. आमची पहिली विनंती अशी की लाखो रुपयांचे यंत्र लगेच घेऊ नये. यंत्र आणायचे, हार घालायचा, फोटो काढायचा, आणि मग चालवणारा नाही म्हणून त्यावर ताडपत्री टाकायची, असे आपल्या सहकारात पुष्कळदा होते. आधी एक खोली, पाच-सहा साधे संगणक आणि एक जाणता शिक्षक इतक्यावर सुरुवात करावी. नियंत्रणाचे सॉफ्टवेअर यंत्राविना शिकता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. 'लिनक्स-सीएनसी' नावाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्याची सुरुवात अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेत झाली आणि पुढे जगभरच्या हौशी व जाणत्या लोकांनी ते आपापली भर घालून वाढवले. ज्याला जे येते ते त्याने घालावे आणि सर्वांनी वापरावे, ही चाल सहकाराची नाही तर कशाची? हे सॉफ्टवेअर साध्या संगणकावर नकली यंत्र दाखवते. प्रोग्राम घाला, हत्यार कसे जाईल ती रेघ पडद्यावर उमटते. इथे चूक झाली तर हत्यार तुटत नाही. शंभरदा चुका, एकशेएकाव्यांदा बरोबर करा.

मात्र पडद्यावर थांबून चालणार नाही. पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उडी मारता येत नाही. म्हणून या खोलीत तयार झालेली मुले वर सांगितलेल्या संस्थांत पाठवावीत. तिथे जॉबच्या वर हवेत हत्यार फिरवून पाहणे, मग एकेक ओळ चालवणे, एक हात चाल कमी करण्याच्या खटक्यावर आणि डोळा लाल बटणावर, हे वळण लागेल. हे वळण लागलेला मुलगा घाबरतही नाही आणि फाजील धीटही होत नाही.

'सभासदांच्या पैशातून हे कशाला?' असेही विचारले जाईल. १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना चालू केला, तेव्हा शेतकऱ्याला यंत्रातले काय कळते अशी शंका घ्यायला जागा होती. त्याच शेतकऱ्यांच्या घरांतून पुढे फिटर झाले, पॅनमन झाले, बॉयलर चालवणारे झाले. सहकाराने साखर दिली तसे शिकलेले हातही दिले. पुढचे पाऊल टाकायला आपण का कचरावे? शिवाय एकदोन मुले जरी पक्की तयार झाली, तरी बिगरहंगामात वर्कशॉपची कितीतरी कामे बाहेर पाठवायची की घरी करायची याचा विचार कारखान्याला जाणतेपणाने करता येईल.

'पोरगा तिकडे गेला तर शेती कोण पाहणार?' हा शेवटचा प्रश्न, आणि तो सर्वांत खोल आहे. आमचे उत्तर असे : दोन एकरांवर तीन भाऊ बसून शेती वाचत नाही, उलट बुडते. एकाची बाहेरची कमाई पक्की असली, तर दुसऱ्याला ठिबक करता येते आणि दुष्काळी वर्षी जमीन विकावी लागत नाही. पण कमाई पक्की हवी. कंत्राटाच्या हिरव्या बटणाने ती पक्की होत नाही.

आणि हो, हे सारे आम्ही 'पोरगा' म्हणून लिहीत आलो, ते बोलण्याच्या सवयीने. या कामाला ओझे उचलण्याचे बळ लागत नाही. नजर, हिशेब आणि धीर लागतो. आपल्या मुली दहावीच्या निकालात पुढे असतात, मग त्यांना या खोलीबाहेर ठेवण्याचे कारण आम्हास तरी सापडत नाही.

येत्या वार्षिक सभेत साखर उतारा, दर, तोडणी-वाहतूक यांवर बोलणे होईलच, आणि झालेच पाहिजे. त्यासोबत एक ठराव यावा : पुढील गळीत हंगामाआधी एक खोली, सहा संगणक, एक शिक्षक आणि पहिली बारा मुले-मुली. निवड गुणांवर व्हावी, शिफारशीवर नव्हे. वर्षाअखेर त्यांपैकी किती जणांना स्वतः प्रोग्राम लिहून स्वतः शून्य घेता येते, याचा हिशेब अहवालात छापावा. हिशेब जमला तर पुढे जावे. नाही जमला तर का नाही जमला ते सभेपुढे ठेवावे.

ठराव मांडायला एक सभासद लागतो आणि अनुमोदनाला दुसरा. दोघांनीही पुढे यावे, ही विनंती.